रस्ता थंडीने उखडतो का? (डांबर, तापमान आणि आमच्या कॉलनीसमोरचं टक्कल)

गोदाकाठ (धागाकर्ता)

मंडळी, प्रश्न बाळबोध वाटला तर हलके घ्या.

नाशिक जिल्ह्यातल्या एका शहरात राहतो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, उगाच कोणाच्या पोटावर पाय नको. डिसेंबरात आमच्या कॉलनीसमोरच्या रस्त्यावर डांबराचा नवा थर टाकला. रात्रीचं काम. निफाडकडची थंडी ज्यांनी खाल्ली आहे त्यांना कळेल. त्या रात्री फोन ९ अंश दाखवत होता. आवाजाने झोप उडालेलीच होती, म्हणून मी कानटोपी घालून गॅलरीत उभा. चार डंपर रांगेत, पुढे पेव्हर (डांबर-खडीचा माल अंथरणारं यंत्र). रोलरवाला मात्र बारदान पेटवून शेकत बसलेला. एका डंपरमधून माल ओतताना घमेल्याएवढं ढेकूळ खाली पडलं. एका पोराने ते फावड्याच्या पाठीने ठोकून फोडलं आणि पुन्हा आत टाकलं. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

सकाळी रस्ता काळाभोर, गुळगुळीत. जानेवारीत खडी सुटायला लागली. आता मार्चमध्ये ठिकठिकाणी टक्कल पडलंय, पण सगळीकडे नाही. लांबलचक पट्टा ठणठणीत, मग अचानक एक खरबरीत चट्टा, की पुन्हा ठणठणीत.

कॉलनीत एकमत आहे: डांबर खाल्लं. असेलही. पण डांबर खाल्लं असतं तर सगळाच रस्ता सारखा उखडायला हवा होता ना?

चहाटळ

डांबर सगळ्यांनी थोडं थोडं खाल्लं असेल, ज्याच्या वाट्याला जेवढा पट्टा आला तेवढा. :D

कट्टरकाँक्रीट

धाग्याचं उत्तर एका ओळीत: सिमेंटचा रस्ता करा, विषय संपवा. डांबराचा जमाना गेला.

पुणेरी_पगडी

वर काँक्रीटभक्त आलेच! पुण्यात या. जंगली महाराज रस्ता १९७६ साली ‘रेकॉन्डो’ कंपनीने केला, १० वर्षांची हमी देऊन. हमी संपल्यावरही किती वर्षं तो खड्ड्यांविना राहिला ते कोणत्याही पुणेकराला विचारा (विचारलं नाहीत तरी सांगेलच). तो डांबराचाच होता. दोष डांबराचा नाही, नियतीचा आहे. म्हणजे नियत या शब्दाची नियती.

चहाटळ

जं. म. रस्ता तिसऱ्या प्रतिसादात आला. मी पाचवा धरला होता, पैज हरलो.

खडीसम्राट

गोदाकाठ, प्रश्न बाळबोध अजिबात नाही. मी बावीस वर्षं हॉटमिक्स प्लांटवर (जिथे खडी आणि डांबर गरम करून कालवतात) क्वालिटी कंट्रोल बघतोय. तुम्ही लिहिलेल्या दोन गोष्टींवर माझे कान टवकारले: ते ढेकूळ आणि ‘चट्टा, मग ठणठणीत, मग चट्टा’.

आधी थोडं मूळ समजून घेऊ. डांबर गरम असतं तेव्हा वंगणासारखं वागतं, खडी एकमेकांवरून घसरत घट्ट बसते. निवलं की ते गोंद होतं. रोलरची सगळी मेहनत या वंगणाच्या वेळात उरकावी लागते. आपल्याकडे सर्रास वापरतात ते व्हीजी-३० जातीचं डांबर. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या स्पेसिफिकेशनप्रमाणे त्याचा माल प्लांटमधून जास्तीत जास्त १६५ अंशांनी निघावा, अंथरताना किमान १४० असावा आणि दबाई ९० च्या खाली जाण्याआधी संपावी. म्हणजे १४० ते ९० एवढीच खिडकी. त्यानंतर रोलर कितीही फिरवा, वरून चकाकी येते, आत पोकळ्या तशाच.

त्या पोकळ्यांतच पाणी शिरतं, हवा शिरते, डांबर आतून म्हातारं होतं. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात १९८० च्या दशकात अभ्यास झाला होता: पोकळ्या ७ टक्क्यांच्या वर गेल्या की पुढच्या प्रत्येक टक्क्यामागे रस्त्याचं आयुष्य साधारण १० टक्के घटतं. डांबराचा एक थेंबही न खाता!

आणि हो, त्याच स्पेसिफिकेशनमध्ये हेही आहे की हवेचं तापमान १० अंशांच्या खाली असेल तर साध्या डांबराचं काम करायचंच नाही. तुमचा फोन ९ दाखवत होता म्हणालात ना?

गोदाकाठ

बाप रे. हो, ९. बायकोला उठवून दाखवला होता, म्हणून नक्की आठवतंय. ती काय म्हणाली ते इथे लिहीत नाही.

संत्राबर्फी

आमच्याकडे याच्या उलट राजेहो. मे महिन्यात अकोल्यात हवा ४५, रस्ता त्याच्याहून कितीतरी तापलेला. चप्पल चिकटते. सिग्नलपाशी ट्रक थांबतात तिथे डांबर असं दबतं की दोन नाल्या तयार! पावसाळ्यात त्यात बेडूक.

बाकी जून २०२२ मध्ये आमच्याच अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरची एक लेन सलग टाकली, १०५ तास ३३ मिनिटांत. गिनीज बुकात नाव. आधीचा विक्रम कतारमध्ये दोहाचा होता. तेव्हा थंडीने माल निवला अशी तक्रार कोणी केली नाही एवढं खरं. ;)

खडीसम्राट

@संत्राबर्फी, त्या नाल्यांना आम्ही चाकोरी म्हणतो. तिथे प्रश्न अंथरतानाच्या तापमानाचा नाही, डांबराच्या जातीचा आहे. सात दिवसांचं सरासरी कमाल तापमान ४५ च्या वर जातं तिथे व्हीजी-४० सुचवलंय, ते जास्त घट्ट असतं. पण त्याला अंथरतानाही १५० लागतात, दबाई १०० च्या खाली जाण्याआधी संपली नाही तर गेलं. घट्ट डांबर हवं तर घाईही जास्त करावी लागते.

जूनमधल्या विक्रमाबद्दल गंमत सोडली तर मुद्दा बरोबर आहे. खालचाच रस्ता ५०-६० अंश तापलेला असतो, माल निवायला वेळ लागतो, रोलरला हात मोकळा मिळतो.

मस्कतकर

ओमानमध्ये १४ वर्षं हेच काम करतोय. आमच्याकडे प्रकार असा की माल लवकर निवतच नाही. रोलर घाईने चढवला तर मालच पुढे ढकलला जातो, लाटा येतात. थांबावं लागतं. रात्री काम संपवलं आणि पहाटे वाहतूक सोडली की चाकोरीची पायाभरणी झालीच समजा. पूर्ण निवल्याशिवाय ट्रक सोडायचा नाही यावरून माझी दर आठवड्याला भांडणं होतात. डांबर पॉलिमर घातलेलं, ७६-१० ग्रेडचं.

मेपलपान

@मस्कतकर, आमच्याकडे (टोरोंटोजवळ) ५८-२८! इथली नावं वाचायला सोपी आहेत: पहिला आकडा रस्त्याचं वरचं तापमान, दुसरा शून्याखालचा. म्हणजे तुमचं डांबर ७६ पर्यंत वितळू नये आणि उणे १० पर्यंत तडकू नये. आमचं ५८ आणि उणे २८. हिवाळा लागला की प्लांटच बंद करतात, थेट वसंतात उघडतात. तोवर खड्डे ‘कोल्ड मिक्स’ने (न तापवता वापरायच्या मालाने) बुजवायचे, आणि ते पुन्हा मोजायचे. खड्ड्यांच्या बाबतीत एनआरआय-देशी भेद नाही हे जाता जाता सांगते.

कट्टरकाँक्रीट

बघा, एवढे सगळे ग्रेड, अंश, खिडक्या. सिमेंटला काही नाही.

आप्पा_सावंतवाडी

अरे बाबा, सिमेंटालाही पाणी मारावं लागतं, नाही मारलं तर तेही तडकतं. आणि एकदा तडकलं की डांबरासारखं वर थर टाकून भागत नाही. उगाच धागा पळवू नकोस.

मी बांधकाम खात्यातून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली. मी लागलो तेव्हा प्लांट वगैरे नव्हते. रस्त्याच्या कडेला डांबराचे पिंप, खाली लाकडं पेटवलेली, आणि बायका झाऱ्याने खडीवर डांबर शिंपायच्या. पायाला गोणपाट बांधलेलं. तापमान बघायला थर्मामीटर कुठला? आमचे मेस्त्री पिंपात काडी बुडवून बाहेर काढायचे, आणि डांबराची तार कशी सुटते ते बघून म्हणायचे, ‘झाला’ किंवा ‘करपला’. करपलेलं डांबर दिसायला जास्त काळं, चकचकीत. साहेब खूश! आणि दोन पावसाळ्यांत काचेसारखं तडकायचं. सांगायचं एवढंच की थंड माल वाईट तसाच जास्त भाजलेलाही वाईट. डंपरमधल्या मालातून निळसर धूर निघत असेल तर समजावं, भाजलाय.

तरी माझ्या मते तुम्ही सगळे तापमानाच्या मागे लागून मुख्य चोर विसरताय. पाणी! गटार तुंबलेलं असेल तर १६० अंशांचा मालही उखडणार. आमच्या तळकोकणात तर विचारूच नका.

खडीसम्राट

आप्पा, दंडवत. काडीची परीक्षा मीही पाहिली आहे. पाण्याचं शंभर टक्के मान्य. एक भर घालतो: देशावरचा काळा बेसाल्ट डांबराला चांगला धरून ठेवतो, पांढऱ्या गारेच्या जातीचा दगड धरत नाही, पाणी लागलं की डांबराचं कातडं सोलून येतं. म्हणून तिथे मालात साधारण २ टक्के चुना घालतात.

पण गोदाकाठांचा रस्ता डिसेंबरात झाला आणि जानेवारीत उखडला. मध्ये पाऊस कुठे होता?

आप्पा_सावंतवाडी

हा. ते बरोबर. माझी हरकत मागे.

ठेकेदारपुत्र

इथे शिव्या खायची तयारी ठेवूनच लिहितो. आयडीवरून कळलंच असेल.

काका लोक, दिवसा शहरात अवजड गाड्यांना बंदी. नो एंट्री उघडते रात्री दहाला. प्लांट शहराबाहेर तीस-चाळीस किलोमीटरवर. प्लांटवाल्याला आपला माल संध्याकाळी उरकायचा असतो, तो सात-आठला भरून मोकळा होतो. डंपर नाक्यावर दोन तास उभे. ताडपत्री असते, पण कधी नुसती अर्धी टाकलेली, वाऱ्याने फडफडणारी. दहाला गाड्या सुटतात त्या एकदम चार, मग चौथा आणखी तास-दीड तास पेव्हरमागे. यात डांबर कोणी खाल्लेलं नसतं. टनाला ५२-५४ किलो जायचं ते गेलेलं असतं. पण बिल टनावर निघतं, अंशांवर निघत नाही, मग बघतो कोण?

आणि एक गुपित. माल डंपरला चिकटू नये म्हणून पोरं आत डिझेल मारतात. डिझेलने डांबर विरघळतं. साबणाचं पाणी मारा म्हणून मी घरी दोन वर्षं डोकेफोड करतोय. वडील म्हणतात, ‘तुझ्या आजोबांपासून डिझेलच मारतो.’

पुणेरी_पगडी

प्रामाणिकपणाबद्दल अभिनंदन. (उपरोध नाही. पहिल्यांदाच.)

चहाटळ

पगडीकाकांनी उपरोध नाही असं लिहिलं! स्क्रीनशॉट काढून ठेवला आहे.

खडीसम्राट

ठेकेदारपुत्राने नेमकं बोट ठेवलंय. डंपरमधला माल सगळा सारखा निवत नाही. आतला गाभा दोन तासांनीही दीडशेच्या आसपास असू शकतो, कारण तो स्वतःच स्वतःला पांघरून बसलेला असतो. वरची साय आणि बाजूच्या पत्र्याला लागलेला माल मात्र शंभराच्या खाली जातो. गोदाकाठांनी पाहिलेलं ढेकूळ म्हणजे ती साय. फोडून पुन्हा आत टाकली, झालं.

डंपर रिकामा होताना शेवटी काय पडतं? हा कडेचा गार माल. शिवाय पेव्हरच्या हॉपरच्या (डंपर माल ओततो त्या पुढच्या टाकीच्या) दोन्ही पंखांत उरलेला माल दोन डंपरच्या मधल्या वेळात निवतो, आणि पंख मिटले की तोही मध्ये येऊन पडतो. म्हणजे प्रत्येक गाडीच्या शेवटी एक गार पट्टी. डोळ्याला दिसत नाही. १९९० च्या दशकात त्याच वॉशिंग्टन राज्यात इन्फ्रारेड कॅमेरा लावला तेव्हा ती ठरावीक अंतराने आलेली स्पष्ट दिसली, आणि पुढे रस्ता तिथेच उखडला.

गोदाकाठ, एक काम करा. दोन चट्ट्यांमधलं अंतर मोजा. थर किती जाड होता आणि पेव्हरने एका वेळी किती रुंदी घेतली तेही कळवा.

मेपलपान

इथे मोठ्या कामांवर डंपर आणि पेव्हरच्या मध्ये एक वेगळं मशीन असतं. माल त्यात पडतो, पुन्हा ढवळला जातो आणि मग पेव्हरमध्ये जातो. म्हणजे साय आणि गाभा एकजीव. आमटी वाढण्याआधी डाव फिरवतो तसं.

संत्राबर्फी

आमटी फक्त उदाहरणाला राहिली राव, इथे भूक लागली.

गोदाकाठ

आज सकाळी सव्वासहाला, रहदारी सुरू व्हायच्या आत, पावलं मोजत गेलो. दूधवाल्याने विचारलं काय हरवलं. हिशोब असा:

पहिला चट्टा ते दुसरा: ८३ पावलं. दुसरा ते तिसरा: ८७. तिसरा ते चौथा: ८२. पुढे स्पीडब्रेकर आल्यामुळे मोजणी सोडली. माझं पाऊल घरातल्या फरशीवर मोजून पाहिलं, पाऊण मीटर.

थर: एका ठिकाणी कडेला तुटलाय तिथे पट्टी लावली, जेमतेम ३० मिमी. रुंदी: मधला सांधा दिसतो, तिथून कडेपर्यंत साडेतीन मीटर.

खडीसम्राट

आता गंमत बघा. दाबलेल्या मालाचं वजन घनमीटरला साधारण २.४ टन. डंपर समजा १६ टनांचा. १६ भागिले २.४ म्हणजे ६.६७ घनमीटर. ३० मिमी जाडीत ते २२२ चौरस मीटर पसरेल. रुंदी साडेतीन, म्हणजे लांबी सुमारे ६३ मीटर. पाऊण मीटरच्या पावलाने ८४ पावलं.

तुमची सरासरी ८४.

आप्पा_सावंतवाडी

वा! काडी बुडवणाऱ्याला आज पावलं मोजणारा भेटला.

कट्टरकाँक्रीट

हे भारी आहे. मान्य.

पुणेरी_पगडी

म्हणजे डांबर खाल्लं नाही, गार करून वाढलं. पण मग ३० मिमीचं काय? तेवढा पातळ थर चालतो?

खडीसम्राट

पगडी, चालतो, पण थंडीत तो सगळ्यात वाईट. थर अर्धा केला की निवायला अर्धा नव्हे, साधारण पाव वेळ लागतो. ९ अंशांची रात्र, खालचा रस्ता तसाच गार, वरून वारा: ३० मिमीला फार तर दहा-बारा मिनिटं मिळतात. तेवढ्यात रोलरचे सगळे फेरे व्हायला हवेत. आणि आपला रोलरवाला शेकत बसलेला. मधले पट्टे टिकले हेच नशीब. तिथला माल गाभ्याचा, चांगला तापलेला होता म्हणून तेवढं निभावलं.

वॉर्म मिक्स नावाचा प्रकार आहे, त्यात रसायन घातल्याने माल २०-३० अंश कमी तापमानाला तयार होतो आणि कमी तापमानालाही दबतो. लांबच्या वाहतुकीला उपयोगी. पण तुमच्याकडे आधी ताडपत्री आणि वेळापत्रक सुधारलं तरी पुरे.

ठेकेदारपुत्र

@गोदाकाठ, हे काम अजून डीएलपीमध्ये (दोषदायित्व कालावधीत) असणार, म्हणजे दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चाने. फक्त ‘रस्ता खराब आहे’ असा अर्ज देऊ नका, त्याला ‘पाहून घेऊ’ हे उत्तर ठरलेलं असतं. पावलांचा तक्ता जोडा आणि चट्ट्यावरून एक, ठणठणीत जागेवरून एक अशी कोअर (थरातून कापून काढलेला गोल नमुना) काढून घनता तपासा म्हणावं. दोन कोअरमध्ये फरक दिसला की बोलायला काही उरत नाही. आमच्यावर कोणी असा अर्ज केला तर मला आवडणार नाही, पण तरी सांगतो.

गोदाकाठ

सर्वांचे आभार. उशिरा लिहितोय, तीन आठवडे गेले.

अर्ज दिला, तक्ता जोडला. जेई (कनिष्ठ अभियंता) तरुण मुलगा आहे. तक्ता दोनदा वाचला आणि म्हणाला, ‘काका, हे पावलांचं कोणी सांगितलं?’ मी म्हटलं, ओळखीचे आहेत. कोअर काढल्या. आकडे मला दाखवले नाहीत, पण येत्या गुरुवारी चट्टे खरवडून पुन्हा थर टाकणार आहेत. दुपारी, रात्री नाही. नो एंट्रीची परवानगी काढली म्हणाला.

मी तिथे उभा राहणार आहे. ऑनलाइन ती बंदुकीसारखी तापमान मोजायची गन बघितली, घेऊ का?

खडीसम्राट

गन फक्त वरची साय दाखवेल, वाऱ्यावर पाच-दहा अंश कमीच. लांब दांडीचा डायल थर्मामीटर घ्या, पेव्हरच्या मागे लगेच मालात खुपसा, काटा स्थिर होईपर्यंत थांबा. १४० च्या वर असेल तर गप्प बसा. आणि बूट जाड तळव्याचे घाला.

आप्पा_सावंतवाडी

आणि मुकादमाला गेल्यागेल्या चहा विचारा. थर्मामीटर घेऊन उभ्या असलेल्या माणसावर मुकादम डाफरतो, चहा देणाऱ्यावर डाफरत नाही.

चहाटळ

चहा मात्र ९० च्या खाली जायच्या आत द्या.